यहोवाच्या साक्षीदारांमधून बाहेर पडताना: आधी काय, नंतर काय?

दोन_डगरी

यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातल्या, ओळखीतल्या एका बाईंसाठी विचारतोय. वय 34, बाप्तिस्मा सोळाव्या वर्षी, गेली नऊ वर्षं नियमित पायनियर (दर महिन्याला ठरावीक तास प्रचार करणाऱ्या). आईवडील, भाऊ, भावजय सगळे मंडळीत. या वेगळ्या राहतात, पण घरमालक मंडळीतलेच. अर्धवेळ हिशेबाचं काम करतात, त्या दुकानाचे मालकही मंडळीतलेच. विश्वास उरलेला नाही, हे त्यांच्या मनाशी पक्कं आहे. धर्म खरा की खोटा हा वाद इथे नको, कृपया.

प्रश्न व्यवहाराचे आहेत. रीतसर राजीनामापत्र द्यावं की हळूहळू जाणं बंद करावं? पाकिटातल्या 'रक्त नको' कार्डाचं (साक्षीदार उपचारातही रक्त घेत नाहीत) काय करायचं? नऊ वर्षं दारोदार प्रचार केला, ते नोकरीच्या अर्जात कसं लिहायचं? आणि घरच्यांनी बोलणं टाकलं तर कायद्यात काही आहे का?

पायरी_पायरीने

पत्र द्यायचं की नाही हा प्रश्न शेवटचा आहे, तुम्ही तो पहिला घेतलाय. बहुतेकांची फसगत इथेच होते. मन मोकळं करायची घाई असते. आईला सांगितलं जातं, आईकडून ते वडिलांपर्यंत जातं (मंडळीतले वडील, म्हणजे देखरेख करणारे, जन्मदाते नव्हेत), आणि पंधरवड्यात घर, काम आणि माणसं तिन्ही एकदम हातची जातात.

म्हणून आधी खोली बदला. घरमालक सज्जन असतील, काढणारही नाहीत कदाचित. पण जिन्यात रोज समोरासमोर येणारा माणूस नमस्कारही घेत नाही, असं राहणं फार जड जातं. भाडेकरार पाहा, अनामत किती अडकली आहे आणि नोटिशीची मुदत किती, ते बघा. मग काम. नवी नोकरी हातात येऊन पहिला पगार खात्यात पडेपर्यंत जुन्या मालकांना काहीही सांगायचं नाही. अनुभवाचं पत्र आणि पगाराच्या पावत्या आत्ताच मागून ठेवा, नोकरी बदलतेय एवढं कारण पुरे. आईवडिलांच्या कपाटात असलेले जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, पॅन, बँकेची पुस्तकं ताब्यात घ्या. बँक खात्याला आणि विम्याला वारस म्हणून कोणाचं नाव आहे, आजारपणात कळवायला कोणाचा नंबर दिलाय, तेही तपासा. प्रचाराच्या गटाकडे अडीअडचणीला संपर्क म्हणून यादी असते, तीत घरचा पत्ता असतो. नवा पत्ता तिथे द्यायचा की नाही ते त्यांनी ठरवावं.

एवढं झालं की पायनियरपण सोडावं. हे सगळ्यात सोपं. तब्येत, काम, काहीही कारण चालतं, आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही. पूर्वी महिन्याला 70 तास असायचे, 2023 पासून 50. नव्या पूर्णवेळ नोकरीत ते जमत नाहीत, हे खरंही आहे.

आता पत्र. साध्या प्रचारकाला 1 नोव्हेंबर 2023 पासून तास लिहून द्यावे लागत नाहीत. त्या महिन्यात प्रचारात भाग घेतला एवढी खूण पुरते. सलग सहा महिने काहीच कळवलं नाही की नोंदीत माणूस 'अक्रियाशील' होतो. अक्रियाशील म्हणजे बहिष्कृत नव्हे! त्याच्याशी आई जेवायला बसते, भाऊ फोन करतो. मंडळीतले वडील अधूनमधून भेटायला येतात, येशूच्या मृत्यूच्या वार्षिक स्मारकविधीचं आमंत्रण येतं, बस. पत्र दिलं की मात्र सभेत एका वाक्याची घोषणा होते, कारण सांगत नाहीत, आणि त्या रात्रीपासून सगळं बदलतं. आईवडील दोघंही मंडळीत असतील तर माझं मत स्पष्ट आहे: पत्र नको, विरत जा, म्हणजे हळूहळू जाणं बंद करा.

विरत जाताना तीन गोष्टी घात करतात. पहिली, फेसबुकवर वाढदिवसाच्या केकचा फोटो (साक्षीदार वाढदिवस साजरे करत नाहीत) किंवा संघटनेवर टीका. टीका करणाऱ्यावर 'धर्मत्यागी' असा शिक्का बसतो, आणि हा शिक्का बाकी सगळ्या शिक्क्यांहून वाईट. दुसरी, दुसऱ्या चर्चचं सभासदत्व. ते पत्र न लिहिताही 'स्वतःहून संबंध तोडले' असं धरलं जातं. तिसरी, वडिलांशी चर्चा. "नियमन मंडळच देवाचा मार्ग आहे असं तुम्ही अजून मानता का?" असा थेट प्रश्न येऊ शकतो (नियमन मंडळ म्हणजे पंथाचं सर्वोच्च नेतृत्व). खरं उत्तर दिलं तर प्रकरण वडिलांच्या चौकशी समितीकडे जातं, खोटं दिलं तर स्वतःलाच लागतं. त्यापेक्षा "मी सध्या या विषयावर बोलण्याच्या स्थितीत नाही" हे वाक्य पाठ करून ठेवावं आणि तेच पुन्हा म्हणावं. 1914, 1975, एक लाख चव्वेचाळीस हजार अशा पंथाच्या शिकवणीतल्या साल-आकड्यांवर वाद घालून आजवर कोणी वडिलांना जिंकलेलं नाही.

उंबरठा

वरचा क्रम एकदम पटला, निष्कर्ष पटला नाही. विरत जाणं सुटसुटीत वाटतं, पण त्याला किंमत असते. पाच-सात वर्षं दाराची घंटा वाजली की भिंतीवरचा दिवाळीचा कंदील लपवायचा, लग्न करायचं तर मंडळीबाहेरच्या माणसाशी करतोय हे दडवायचं, असं कायमचं अर्धवट जगणं. ज्यांचं घरच्यांशी नातं आधीच तुटक आहे, किंवा ज्यांना लवकर लग्न करायचं आहे, त्यांनी पत्र दिलेलं बरं. या बाईंच्या बाबतीत आई किती जवळची आहे यावर सगळं ठरेल.

पत्र द्यायचंच असेल तर दोन ओळी. "मी, अमुक, आजपासून यहोवाची साक्षीदार नाही. ही माझी स्वतःची इच्छा आहे." तारीख, सही. पत्ता मंडळीच्या वडीलवर्गाचा. कारणं लिहू नका, एकसुद्धा नाही. चार पानी पत्र लिहिणाऱ्याला वाटतं कोणीतरी ते वाचून विचार करील. प्रत्यक्षात त्यातली वाक्यं पुढे 'हा धर्मत्यागी आहे' याचा पुरावा म्हणून वापरली जातात. स्पीड पोस्टानं पाठवून पोच घ्या, एक प्रत जवळ ठेवा. दोन जणांसमोर तोंडी म्हटलं तरी ते राजीनाम्यासारखं धरलं जाऊ शकतं, म्हणून रागाच्या भरात सभागृहाच्या दारात काही बोलू नका.

समितीचं बोलावणं आधीच आलं तर: ती किमान तीन वडिलांची असते, दार बंद, ध्वनिमुद्रण नाही, सोबत वकील किंवा मैत्रीण नाही. नैतिक आरोप असेल तर प्रश्न खूप खासगी तपशिलात जाऊ शकतात. तिथे जायची कायद्यानं सक्ती नाही. न गेल्यास निर्णय पाठीमागे होऊ शकतो एवढंच. निर्णयाविरुद्ध सात दिवसांत दाद मागता येते, पण ती परत आत राहू इच्छिणाऱ्यासाठी. बाहेर पडणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

एक बदल माहीत असू द्या. ऑगस्ट 2024 च्या टेहळणी बुरूज या संघटनेच्या मासिकात 'बहिष्कृत' शब्द सोडून 'मंडळीतून काढून टाकलेले' असा शब्द आला. अशा व्यक्तीला सभेचं आमंत्रण देणं, सभेत आली तर थोडक्यात स्वागत करणं, हे आता ज्याच्या त्याच्या विवेकावर आहे. वडीलही अधिक वेळा भेटतात. बाहेरच्या लोकांना वाटलं बहिष्कार संपला. तसं नाही. जेवणखाण, गप्पा, फोन हे पूर्वीसारखंच बंद, आणि धर्मत्यागी ठरवलेल्यांना स्वागताचीही सवलत नाही. मवाळपणा परतीच्या वाटेवर आलाय, बाहेरच्या वाटेवर नाही.

आणि एक राहिलं. एकाच छताखाली राहणाऱ्यांमधलं रोजचं बोलणं थांबत नाही, फक्त धार्मिक गोष्टींतली सोबत थांबते. वेगळं राहणाऱ्या सज्ञान मुलामुलीशी मात्र 'आवश्यक कौटुंबिक काम' असेल तेवढंच बोलावं अशी शिकवण आहे. म्हणजे आईच्या ऑपरेशनचा निरोप येईल, पुरणपोळीचा येणार नाही. आवश्यक कशाला म्हणायचं हे घरोघर वेगळं असतं. ही फट लहान असली तरी खरी आहे. आईवडील थकले की तिथूनच येणंजाणं पुन्हा सुरू झालेली घरं आहेत.

औषधपाणी

कार्डाबद्दल कोणी बोललं नाही अजून. पत्र द्या की देऊ नका, हे काम उद्याच्या उद्या करायचं आहे.

ते कार्ड म्हणजे सहीचं, तारखेचं, दोन साक्षीदारांचं वैद्यकीय इच्छापत्र असतं. संपूर्ण रक्त, तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा हे घटक नकोत असं त्यात असतं. अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, रक्त गोठवणारे घटक असे उपघटक घ्यायचे की नाही ते ज्यानं त्यानं ठरवायचं, म्हणून त्याबद्दल प्रत्येकाच्या कार्डावर वेगळं लिहिलेलं सापडेल. शिवाय रुग्ण बेशुद्ध असेल तर कोणी बोलायचं त्या प्रतिनिधींची नावं असतात, आणि ती बहुतेक वेळा मंडळीतलीच असतात. गोची इथे आहे. बाई मनानं बाहेर, पण अपघातात पाकिटात जुनं कार्ड सापडलं तर डॉक्टर त्याप्रमाणे वागायला जातील, आणि फोन जाईल तो भावालाच.

काय करायचं: कार्ड फाडून टाकणं पुरेसं नाही, कारण प्रती असतात. घरी, दोन्ही प्रतिनिधींकडे, कधी फॅमिली डॉक्टरांच्या फायलीत, पूर्वी भरती झाल्या असतील तर त्या इस्पितळाच्या नोंदीत. कोऱ्या कागदावर लिहा: "माझं पूर्वीचं, अमुक तारखेचं, रक्त नाकारणारं इच्छापत्र मी रद्द करत आहे. गरज पडल्यास मला रक्त व रक्ताचे सर्व घटक द्यावेत. मला बोलता येत नसेल तर अमुक व्यक्तीशी बोलावं." तारीख, सही, मंडळीबाहेरच्या दोघांच्या साक्षी. नोटरीसमोर केलं तर पुढे वादाला जागा राहत नाही. एक प्रत पाकिटात जुन्या कार्डाच्या जागी, एक डॉक्टरांकडे, एक नव्या प्रतिनिधीकडे. मोबाईलमधला आणीबाणीचा संपर्क बदला, हे हमखास विसरतं. रक्तगट माहीत नसेल तर तपासून घ्या.

विरत जाणाऱ्यांना धास्ती असते की जुन्या प्रतिनिधींना कळवलं तर बोभाटा होईल. न कळवताही चालतं, नवा कागद नंतरच्या तारखेचा असला आणि डॉक्टरांच्या हातात असला म्हणजे झालं. मात्र ठरलेली शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण असेल तर भरती होतानाच, खोलीत नातेवाईक नसताना, डॉक्टरांना स्वतः सांगा आणि केसपेपरवर लिहवून घ्या. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात विचारविनिमयाला वेळ नसतो. आणि रक्त घेतलं हे घरच्यांना कळवायला डॉक्टर बांधील नाहीत, उलट गुप्तता पाळायला बांधील आहेत. एवढ्यासाठी की, पश्चात्ताप न दाखवता रक्त घेणं हेसुद्धा 2000 पासून 'स्वतःहून संबंध तोडणं' धरलं जातं.

काळा_कोट

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण थोडकंच आहे.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे, जुलै 2017 पासून लागू, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो आला मुख्यतः जातपंचायतींच्या जाचातून. घर, काम, पाणी, स्मशान नाकारलं किंवा दंड मागितला तर तो हत्यार म्हणून चांगला आहे. पण आई बोलत नाही म्हणून आईवर? कोणी कोणाशी प्रेमानं बोलावं असा हुकूम कोर्ट देत नाही. आणि धार्मिक पंथानं सभासदाला काढावं की नाही हा प्रश्न आपल्याकडे अजून खुला आहे. मुंबई राज्याचा 1949 चा बहिष्कृती प्रतिबंधक कायदा दाऊदी बोहरांच्या खटल्यात 1962 साली सुप्रीम कोर्टानं रद्द केला होता. तो निकाल बरोबर होता का हे फेब्रुवारी 2023 मध्ये पाच न्यायमूर्तींनी नऊ जणांच्या पीठाकडे सोपवलं. बाहेरही चित्र असंच दोलायमान. नॉर्वेनं याच बहिष्कारावर बोट ठेवून 2022 मध्ये साक्षीदारांचं अनुदान आणि नोंदणी काढली, 2024 मध्ये ओस्लोच्या कोर्टानं ते उचलून धरलं, मार्च 2025 मध्ये वरच्या कोर्टानं उलटवलं. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये सरळ म्हटलं की हा आमचा विषय नाही.

न्यायालयांबद्दल गंमत अशी की बिजो इमॅन्युएल खटला (1986), ज्यात केरळातल्या तीन शाळकरी मुलांना राष्ट्रगीताच्या वेळी उभं राहून गप्प राहण्याचा हक्क मिळाला, तो याच पंथानं जिंकलेला. विवेकस्वातंत्र्याचा तो निकाल बाहेर पडणाऱ्याच्याही बाजूचा आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

वारसाहक्क: ख्रिस्ती कुटुंबाला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मंडळीतून गेल्यामुळे मुलीचा वाटा जात नाही. पण त्या कायद्यात आईवडील मृत्युपत्र करून आपली सगळी मिळकत हवी त्याला देऊ शकतात, मुलांना राखीव वाटा नाही. तेव्हा वाटणीच्या आशेवर कोणतेही बेत आखू नका.

दोन_डगरी

सगळ्यांचे आभार. आई जवळची आहे, त्यामुळे बहुधा विरत जाणं. आणखी दोन शंका. त्या मूळच्या कॅथलिक घरातल्या, आजी अजून चर्चला जाते. पुढेमागे परत जायचं तर पुन्हा बाप्तिस्मा लागतो का? आणि आम्ही बाहेरच्यांनी नेमकं काय करावं, काय टाळावं?

उंबरठा

साक्षीदारांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च वैध मानत नाही, त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) साक्षीदारांना मान्य नसल्यामुळे. पण तान्हेपणी पॅरिशमध्ये बाप्तिस्मा झाला असेल तर तो पुसला जात नाही, नोंदवहीतून दाखला निघतो, आणि परतीची वाट सोपी असते. आईवडील त्यांच्या जन्माआधीच साक्षीदार झाले असतील तर मात्र बाप्तिस्माच झालेला नाही असं धरून सुरुवातीपासून तयारी करावी लागते. आधी आजीला विचारा. पण घाई नको, एका चौकटीतून निघून लगेच दुसरीत शिरण्याची ओढ पहिल्या वर्षी फार असते. शिवाय वर सांगितलंच आहे, सभासदत्व घेतलं की विरत जाणं संपलं.

लग्न नोंदणी पद्धतीनं करायचं झालं तर विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस लागते आणि सहीला तीन साक्षीदार. (हो, साक्षीदार. विनोद जुनाच आहे.) घरचं कोणी येणार नाही असं धरून तिघं आधी ठरवून ठेवा.

सांजवात

बाहेरच्यांनी काय करावं याचं उत्तर देते.

वाढदिवसाचा केक अचानक समोर आणू नका. ज्याला तीस वर्षं सांगितलंय की बायबलात वाढदिवस दोनच, एक फारोचा आणि एक हेरोदाचा, आणि दोन्हींत कोणाचा तरी जीव गेला, त्याच्या पोटात मेणबत्त्या बघून गोळा येतो. त्या स्वतः म्हणेपर्यंत थांबा. तीळगूळ, दिवाळीचा फराळ द्या, पण 'आता घेता ना?' असं विचारू नका. प्रसादाचा आग्रह तर नकोच. विश्वास गेला म्हणून मूर्तीसमोर हात जोडायची इच्छा आपोआप येत नाही.

आठवड्यातून दोन सभा आणि प्रचार गेला की मोकळा वेळ अंगावर येतो. घोषणा झालेल्यांचं एका दिवसात होतं, विरत जाणाऱ्यांचं सावकाश, पण दोघांचेही मित्र बहुतेक सगळे आतलेच असतात. आठवड्याच्या ठरलेल्या सभेच्या संध्याकाळी आणि रविवारी काहीतरी बांधील ठेवा, भिशी, गायनाचा वर्ग, टेकडीवर फिरणं, काहीही, फक्त त्याच वेळी. बाकी दिवस जातात कसेतरी.

भूकंप, युद्ध, साथीची बातमी आली की हर्मगिदोन, म्हणजे या जगाच्या शेवटाची लढाई, आलं असं वाटून रात्री दचकून उठणं, हे विश्वास गेल्यावरही बराच काळ चालतं. याचा अर्थ 'आत कुठेतरी खरं वाटतंय' असा नव्हे. लहानपणापासून चित्रांतून भरलेली भीती डोक्यापेक्षा अंगातून उशिरा जाते. समुपदेशकाकडे जाताना पहिल्याच भेटीत सांगा की समेट घडवायला आलेलो नाही. नाहीतर 'आईवडिलांना बोलवा, समजावू' हा नेहमीचा उपाय सुचवला जातो, आणि आईवडील आले तर मंडळीतल्या वडिलांनाही कळतं. पैसे नसतील तर सरकारचा टेलि-मानस 14416, मराठीत बोलता येतं. बाहेर पडलेल्यांचे इंटरनेटवरचे गट आधार देतात, पण बहुतेक इंग्रजीत आणि संतापानं भरलेले. खऱ्या नावानं शिरू नका, आत पाहणारे डोळे असतात.

आणि मतदान! राजकारणात तटस्थ राहायची शिकवण असल्यामुळे बऱ्याच जणांचं नाव मतदारयादीतच नसतं. नाव नोंदवायला नमुना 6 हा अर्ज भरावा लागतो, ऑनलाइन होतो. नवीन घराचा भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून कामी येतो.

पायरी_पायरीने

नोकरीच्या अर्जाचं राहून गेलं. नऊ वर्षांचा खड्डा ठेवू नका आणि खोटंही लिहू नका. "स्वयंसेवी सामाजिक-धार्मिक कार्य, अर्धवेळ" असं वर्षांसह लिहा, संघटनेचं नाव लिहायची गरज नाही. खाली कामं: अनोळखी माणसांशी संवाद, सभेपुढे भाषण (मंडळीतल्या स्त्रिया सभेला उद्देशून थेट भाषण करत नाहीत, दोघींच्या संवादातून प्रात्यक्षिक करतात, तर तसं 'प्रात्यक्षिक सादरीकरण' लिहा), वेळेचं नियोजन, दोन-तीन भाषा. विक्री, ग्राहकसेवा, रुग्णालयातलं स्वागतकक्ष इथे हे खरंच चालतं, कारण तोंडावर दार आपटून घ्यायची सवय फार थोड्या उमेदवारांना असते.

शिक्षण बारावीवर थांबलं असेल तर मुक्त विद्यापीठातून वाणिज्य पदवी. हिशेब येतोच आहे. टॅली शिकून घेतलं तर वाट पाहायची गरज नाही, पदवी चालू असतानाच नोकरी बदलता येईल. आणि मुलाखतीत "तेव्हा पूर्णवेळ नोकरी का नाही केलीत?" हे विचारतातच. "त्या काळात स्वयंसेवी कामाला वेळ दिला होता, आता तो टप्पा संपला" एवढंच. त्यापुढे कोणी खोदलं तर हसून पगाराचं विचारायचं.